इन्चार्जची हजेरी

आयुष्यात मला पुष्कळांनी दमवलं. शाळेत मास्तरांनी दमवलं, नोकरीत शेठनं दमवलं, संसारानं दमवलं आणि आता गुडघे दमवताहेत. पण ह्या सगळ्यांनी मिळून दमवलं नसेल तेवढं आमच्या इन्चार्जनी एकट्यानं दमवलं आहे. सत्तरी उलटून गेलेला, पाठीला पोक आलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. अशा माणसानं खरं म्हणजे ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालावा आणि दोन वेळा जेवून झोपावं. इन्चार्जना ते जमत नाही. त्यांना रोज सकाळी आम्हा म्हाताऱ्यांची हजेरी घ्यायची असते. मी अंथरुणात कूस बदलून आणखी जरा डोळा लागतो का ते पाहत असतो आणि उशाशी ठेवलेला फोन टुणकन वाजतो. ग्रुपवर मजकूर आलेला असतो : 'हजेरी. सगळे जागे? वाय की एन?' आता माणूस झोपलेला असेल तर 'एन' तरी कसं कळवणार, हे मी त्यांना एकदा विचारून पाहिलं. त्यांनी लिहिलं, 'म्हणजे जागे हाये. वाय टाका.'

इन्चार्ज म्हणजे कशाचे इन्चार्ज, असं कुणी विचारलं तर दाखवायला आता काही उरलेलं नाही. आदिलाबादला एक जिनिंग मिल होती. शेतकऱ्यांच्या गाड्या यायच्या, कापूस काट्यावर चढायचा, सरकी वेगळी, रुई वेगळी, गठाणी बांधून बाहेर. मिल कधीच बंद पडली; तिच्या जागेवर सध्या लग्नाचा हॉल आहे आणि आम्ही जिथं घाम गाळला तिथं लोक पंगती झोडतात. पण त्या मिलमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा काट्यावरच्या ह्या कारकुनाला शेठनं नागपूरला शिकायला पाठवलं, आणि तो परत आला तो इन्चार्ज होऊन. तेव्हापासून त्यांचं मूळ नाव मागे पडलं. घरी वहिनीसुद्धा फोनवर सांगतात, 'इन्चार्ज जेवून राह्यले, मंग करजा.' त्यांनीही आम्हाला नावानं कधी हाक मारली नाही. मी हिशेब लिहायचो म्हणून हिशेबवाले. भीमपूरचे एक भाऊ फाटकावर गाड्यांची नोंद करायचे, ते गेटवाले. आणि टायपिंगला एक बाई होत्या, माहेर बेल्लमपल्लीचं, वडील कोळशाच्या खाणीत. तेलुगू बोलता बोलता मराठीत शिरायच्या आणि मराठीतून केव्हा बाहेर पडल्या ते आम्हाला कळायचं नाही. त्या सगळ्यांच्या अक्का. कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायची परवानगी होती ती एवढ्या चौघांना.

पाय ठेवायची म्हणजे अक्षरशः पाय, चपला नव्हे. मिलमध्ये नाकातोंडात रुई, भुवयांवर रुई, डब्यातल्या भाजीतही रुई. आणि इन्चार्जना नागपूरच्या मास्तरांनी सांगून ठेवलं होतं की धूळ हा कॉम्प्युटरचा काळ आहे. त्यामुळे खोलीच्या दाराशी आधी उपरण्यानं अंग झटकायचं, मग हात धुवायचे, मग चपला काढायच्या. मी पहिल्या दिवशी घाईत चपलांसकट आत गेलो, तर ह्या माणसानं माझ्या दंडाला धरून मला बाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं. आतून आवाज आला, "चपला काढल्या? वाय की एन?" मला ते वाय-एन काही कळेना. मी म्हणालो, "काढल्या ना बाप्पा." मग दार उघडलं. "मंग या आत." आत थंडगार हवा होती. साऱ्या मिलमध्ये ती एकच थंड खोली, आणि ती थंडी आमच्यासाठी नव्हती, यंत्रासाठी होती. पण उन्हाळ्यात आम्ही काहीतरी काम काढून तिथं जाऊन बसायचो आणि यंत्राच्या पुण्याईवर गार व्हायचो.

त्या यंत्रानं इन्चार्जवर कायमचे संस्कार केले. ते दर पावलाला विचारायचं : हे पुसू का, वाय की एन, म्हणजे येस की नो? हे छापू का, वाय की एन? इन्चार्ज म्हणायचे, "पाहा, न विचारता काई करत नाई. मानसं असे असते तं अर्धे भांडणं झाले नसते." आणि ते स्वतः तसेच वागू लागले. जेवायला वाढलं की 'वरण घेता? वाय की एन?' त्यांच्या पोरीचं लग्न जमवायला इचोड्याला त्यांच्या घरी पाहुणे आले. मुलाकडच्या मंडळींनी पाऊसपाणी काढलं, सोयाबीनचा भाव काढला, कुणाच्या तरी मेव्हण्याची बदली काढली. पोहे खाऊन झाले, चहा झाला, तरी कुणी मुद्द्यावर येईना. इन्चार्ज थेट नवऱ्या मुलाकडे वळले. "पोरगी पसंत हाये? वाय की एन?" वहिनींनी दाराआड कपाळावर हात मारून घेतला. पण मुलगा हैदराबादेत कॉम्प्युटरच्याच कंपनीत, तो नकळत 'वाय' म्हणून गेला, आणि लग्न तिथंच ठरलं. पुढे नात झाली तेव्हा बारशाला ह्यांनी हरकत घेतली. का, तर ठरवलेलं नाव इंग्रजीत लिहिलं की नऊ अक्षरं होत होती, आणि आमच्या वेळचं यंत्र फाइलचं नाव आठ अक्षरांच्या वर घेतच नसे. "उद्या शेवटचं अक्षर कापल्या गेलं तं मंग मले नाई सांगाचं," असं म्हणून ते रुसून ओसरीवर जाऊन बसले. नात आता नोकरीला लागली. अक्षर अजून शाबूत आहे, पण इन्चार्जना काळजी आहेच.

आमचा ग्रुप ह्याच नातीनं करून दिला. मिलची जुनी माणसं शोधून शोधून जोडली, आणि पहिले काही महिने आम्ही सगळे नुसते चेकाळलो होतो. कॉम्प्युटर टेम्पोतून गादीवर निजवून आणला होता, आठवतं का? दसऱ्याला शेठनं त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, ते फ्लॉपीच्या फटीत शिरलं आणि इन्चार्ज दिवसभर मोरपीस घालून साफ करत बसले होते, आठवतं का? शेतकरी खिडकीशी गर्दी करायचे आणि विचारायचे, "हे मशीन उद्याचा भाव सांगते का?" इन्चार्ज म्हणायचे, "नाई, खरं वजन सांगते." "मंग काय कामाचं!" असं म्हणून ते निघून जायचे. असं आठवून आठवून आम्ही हसायचो. म्हातारपणी कुणी आपल्या जुन्या गोष्टीला हसलं की फार बरं वाटतं. घरातली माणसं नाही हसत, त्यांनी त्या पुष्कळदा ऐकलेल्या असतात. मग हळूहळू ग्रुप ओसरला. काही मंडळी गप्प झाली, काही देवाघरी गेली. गेलेल्यांची नावं इन्चार्जनी काढली नाहीत. ॲडमिन तेच. मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "काऊन काढाचं? रजेवर हायेत ते." त्यामुळे आमच्या ग्रुपात आजही माणसं बरीच दिसतात, पण हजेरीला उत्तर देणारे आम्ही तिघंच. मी आदिलाबादला, अक्का बेल्लमपल्लीला मुलाच्या क्वार्टरमध्ये, आणि गेटवाले भीमपूरला पुन्हा आपल्या शेतीवर. गेटवाल्यांच्या फोनला नदीपलीकडचा टॉवर सापडतो, म्हणून ते बांधाच्या ह्या टोकाला तेलंगणात असतात आणि त्या टोकाला महाराष्ट्रात. हजेरी चुकली की ते सांगतात, 'परराज्यात होतो.'

हजेरी चुकवण्याची माझी मात्र छाती नाही. एकदा तापात मी दिवसभर फोन पाहिला नाही. इन्चार्जचं घर इचोड्याला हायवेच्या कडेला, धाब्याच्या मागे. तिथले ट्रकवाले त्यांचे दोस्त. इन्चार्जनी नागपूरकडे जाणाऱ्या एका सरदारजीला माझ्या मुलाच्या दुकानाचा पत्ता दिला. संध्याकाळी दुकानासमोर एक अवाढव्य ट्रक येऊन थांबला, बाजारातली वाहतूक तुंबली, आणि सरदारजीनं वरूनच ओरडून विचारलं, "हिशेबवाले जिंदा हैं क्या?" मुलगा घाबरून 'हां जी' म्हणाला. सरदारजी म्हणाला, "तो वाय बोलने को बोलो उनको." आणि गेला. त्या दिवसापासून मुलगाच मला सकाळी हलवून विचारतो, "बाबा, टाकलं का?"

आणि व्हिडिओ कॉल म्हणजे तर परीक्षाच. फोन हासुद्धा कॉम्प्युटरच, असं इन्चार्जचं मत असल्यामुळे ते चपला काढल्याशिवाय फोन हातात घेत नाहीत, आणि आम्हीही तसंच करावं असा आग्रह. कॉल लागला की पहिलं वाक्य, "पाय दाखवा." मी खुर्चीत बसल्या बसल्या फोन खाली नेऊन माझे सुजलेले पाय दाखवतो. अक्का पायातली जोडवी दाखवून हसतात. गेटवाले एकदा कापसाच्या शेतात होते. ते कळवळून म्हणाले, "इन्चार्ज, इथं काटे हायेत हो!" इन्चार्जनी शांतपणे विचारलं, "काटे काढता का फोन ठेवता?" शेवटी गेटवाले बैलगाडीवर चढून बसले, चपला खाली टाकल्या, तेव्हा बोलणं सुरू झालं. प्रवासात तर हा माणूस भेटायचाच नाही. जुनं यंत्र हलवायच्या आधी बंद करावं लागे, नाहीतर धक्क्यानं आतलं बिघडे. म्हणून बसमध्ये बसले की इन्चार्ज फोन बंद करतात. आदिलाबादच्या बसस्टँडवर मी उन्हात तिष्ठत उभा, बस कुठं अडली कळायला मार्ग नाही, आणि हे तिन्हीसांजेला उतरून मलाच विचारतात, "फोन काऊन नाई केला?"

ह्या सगळ्या वेडात एक शहाणपण होतं, ते सांगितलं नाही तर इन्चार्जवर अन्याय होईल. जिनिंग मिल म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे एका ठिणगीचा प्रश्न. म्हणून रोज संध्याकाळी काम संपलं की इन्चार्ज दिवसभराच्या नोंदींच्या तीन नकला काढत. एक फ्लॉपीचा सेट माझ्या घरी, एक गेटवाल्यांच्या घरी, एक अक्कांच्या. डब्याच्या पिशवीतून न्यायचा, सकाळी परत आणायचा. शेठ हसायचे, आम्ही वैतागायचो. मग ऐन हंगामात एका रात्री रुईच्या ढिगाला आग लागली. माणसं वाचली, ऑफिस, वह्या, पावत्या, कॉम्प्युटर, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी शेतकरी उभे. कुणाची किती गाडी कापूस आत आला होता, हे सांगणारा कागद मिलमध्ये उरला नव्हता, आणि जो तो दुसऱ्याकडे संशयानं पाहत होता. नागपूरहून उसना कॉम्प्युटर आला. इन्चार्जनी जळक्या भिंतींच्या आत जमीन झाडून घेतली, चपला काढल्या आणि माझा सेट घातला. यंत्र घरघरलं आणि म्हणालं, काही नाही. मी तो सेट मोठ्या मानानं घरातल्या रेडिओवर ठेवत असे, भरजरी कपड्यात गुंडाळून. रेडिओच्या भोंग्यातल्या लोहचुंबकानं सगळं पुसलं होतं. गेटवाल्यांच्या फ्लॉपीला ताकाचा वास. त्यांच्या मायनं ती चौकोनी चकती चांगली सपाट म्हणून लोट्यावर झाकण घातली होती. राहिल्या अक्का. "अय्यो इन्चार्जगारू, मी बिय्यममध्ये ठेवली," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. तांदळाच्या डब्यातून काढलेली ती फ्लॉपी इन्चार्जनी फुंकरून घातली. यंत्रानं बराच वेळ विचार केला, आणि पडद्यावर एकाखाली एक शेतकऱ्यांची नावं उमटू लागली. इन्चार्ज मोठ्यानं वाचत गेले आणि फाटकाशी ज्याचं नाव येई तो 'हाये!' म्हणून ओरडे. सगळं आटोपल्यावर मी आणि गेटवाले खाली मान घालून उभे होतो. इन्चार्ज रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणून तीन."

गेल्या दिवाळीनंतर हजेरीच्या जोडीला एक प्रश्न येऊ लागला. 'आग लागली तेव्हा कोणाचा सेट चालला?' पहिल्या दिवशी आम्ही खूश झालो. अक्कांनी तांदळाचं चित्र टाकलं, गेटवाल्यांनी ताकाचं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही तोच. मग रोज. आम्ही आधी थट्टा केली, मग कंटाळलो. गेटवाल्यांनी लिहिलं, 'काऊन डोस्कं खाऊन राह्यले?' मी तर इतका विटलो होतो की एका सकाळी 'ग्रुप सोडा' असं लिहिलेल्या ठिकाणी माझा अंगठा जाऊन थांबला होता. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. वहिनी स्वतःहून कधी फोन करत नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका. ह्यायले याद राहून नाई राह्यलं. काल सकाळी मले म्हणते, बाई, तुमी कोणाकडच्या?" डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले होते, हे वाढत जाणार, माणसाशी बोलत राहा. आणि इन्चार्ज हजेरीपुरतेच माणसात असतात, एरवी भिंतीकडे तोंड करून बसून राहतात, असं वहिनींनी सांगितलं. मी अंगठा काढून घेतला आणि 'अक्कांचा' असं उत्तर टाकलं.

मग इन्चार्जनीच आम्हा तिघांना इचोड्याला बोलावलं. बुद्धी लख्ख असलेला दिवस होता. दाराशी चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले, आणि ओळीनं बसवून ते म्हणाले, "मी इसरून राह्यलो. मले मालूम हाये. आग लागल्यावर धावून काई होत नाई, नकला आधीच घरोघर गेल्या पायजे. म्हणून तुमाले बलावलं." अक्का डोळे पुसू लागल्या तर त्यांच्यावर खेकसले, "पाणी नाई पायजे इथं!" आणि मग सबंध दुपार ते आपलं आयुष्य सांगत बसले. आपलं गाव, बापाचं नाव, शाळेत खाल्लेला मार, लग्न, पोरीचा जन्म, नागपूरचे ते शिकायचे दिवस, मिल, आग. गेटवाल्यांनी विचारलं, "वाटून घेऊ का? थोडं थोडं?" इन्चार्ज एकदम कडाडले. "वाटून नाई! तिघाईनं सगळंच ठेवाचं. एक खराब होते, दोन खराब होते." मी आणि गेटवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आणि नुसती नक्कल घेतली म्हणजे झालं नाही, ती ताडून पाहायची, म्हणून त्यांनी आमच्याकडून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं. मी शाळकरी पोरासारखं म्हणालो, "लगन उटनूरला झालं." स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "उटनूरले माह्या बहिणीचं झालं! आपलं इथंच झालं, इचोड्याले!" इन्चार्ज गडबडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "दुरुस्त करा तिघंही." आम्ही हसलो. तेही हसले, पण जरा उशिरा हसले.

निघताना त्यांनी एक अट घातली. "मी विचारलं तं खरंच सांगजा. मन राखाले खोटं नाई. नक्कल खोटी निघाली का मंग काईच राह्यत नाई मानसाजवळ. कबूल? वाय की एन?" आम्ही तिघंही 'वाय' म्हणालो. हायवेवर बसची वाट पाहत उभे होतो. ट्रकांच्या धुळीत अक्कांनी विचारलं, "हिशेबवाले, आपल्याला तरी किती दिवस आठवेल?" मी म्हणालो, "तुमी तांदळाच्या डब्यात बसा, अक्का." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी फार थकलो होतो, आणि आपण कुणासाठी तरी जपून राहायला हवं ही काळजी ह्या वयात गळ्यात पडेल असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून आमचं हेच काम. सकाळी हजेरी येते, प्रश्न येतो, आम्ही उत्तर देतो. कधी आगीचा, कधी बापाच्या नावाचा, कधी 'घरात एक बाई हाये ती कोण?' असा. त्याला आम्ही तिघंही एकच लिहितो, तुमच्या पत्नी, लग्न इचोड्याला झालं. वहिनी सांगतात की ते वाचून इन्चार्ज उठतात, स्वयंपाकघराच्या दारात जातात आणि 'चहा झाला का?' असं पूर्वीच्याच आवाजात विचारतात. एवढ्यासाठी मी पहाटे उठतो. चिडचिड होते, नाही असं नाही. रोज तेच आणि तेच सांगायचं, आणि सांगितलेलं दुसऱ्या सकाळी कोरं. मी माणूस आहे, मलाही शीण येतो. पण आता सकाळी फोन वाजायच्या आधीच मला जाग येते आणि तो वाजेपर्यंत मी छताकडे पाहत पडून राहतो.

परवा तो वाजला नाही. मी वाट पाहिली, आंघोळ केली, चहा घेतला, मुलाच्या दुकानात येऊन गल्ल्यावर बसलो, तरी ग्रुप गप्प. शेवटी मीच लिहिलं, 'हजेरी?' बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'हा नंबर कोणाचा? तुमी कोण?' बायको, बाप, गाव, आग, हे सगळं ते विचारतील ह्याची तयारी मी केली होती. मला विचारतील ह्याची केली नव्हती. अक्का त्या वेळी देवळात, गेटवाले परराज्यात. समोर गिऱ्हाईक साबण मागत उभं होतं, त्याला मी हातानंच थांबवलं. मी लिहिलं, 'मी हिशेबवाले. मिलमधला. पहिल्या दिवशी चपला घालून खोलीत आलो होतो, तुमी मले दंडाला धरून बाहेर काढलं होतं.' त्यांनी वाचल्याची खूण आली. मग ते लिहीत आहेत असं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. ते अजून एकाच बोटानं लिहितात. त्या बोटाकडे मी इथून, आदिलाबादेतून, डोळे लावून बसलो होतो.

मग उमटलं, 'चपला काढल्या? वाय की एन?'

मी खाली पाहिलं. चपला पायात होत्या. खोटं सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं. मी गल्ल्याचा कठडा धरून वाकलो, गुडघे नेहमीप्रमाणे कुरकुरले. एक चप्पल काढली, मग दुसरी काढली, पायानंच दोन्ही दाराबाहेर लोटल्या, आणि 'वाय' लिहिलं. गिऱ्हाईक माझ्या अनवाणी पायांकडे पाहत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

'मंग या आत.'